पंपाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी...

जुन्या टर्बो डिझेल इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ म्हणजे केवळ ताकद वाढवणे नव्हे. इंधन, हवा आणि उष्णता यांचा ताळमेळ चुकला, की त्याची किंमत पिस्टनला, मालकाच्या खिशाला आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या फुप्फुसांनाही मोजावी लागते.

कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना मालाने भरलेला एखादा जुना ट्रक काळ्या धुराचा लोट सोडत पुढे सरकतो आणि त्याच्या मागे अडकलेले मोटारचालक काचा वर करून घेतात, हे दृश्य राज्यात कोणालाही नवे नाही. ‘गाडी म्हातारी झाली’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात काळा धूर हे वयाचे लक्षण नसून हिशेब चुकल्याचे लक्षण असते. इंजिनात जितकी हवा शिरली तिच्या मानाने डिझेल अधिक पडले, एवढाच त्याचा अर्थ. अनेकदा हा हिशेब झिजेमुळे चुकतो, तर अनेकदा तो जाणूनबुजून चुकवलेला असतो. ‘पिकअप वाढवून देतो’ असे सांगून कोणीतरी पंपाचे सील तोडलेले असते आणि एक स्क्रू पाव फेरा आत फिरवलेला असतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांमध्ये किती इंधन, कधी आणि किती दाबाने सोडायचे हे संगणक ठरवतो. तथापि त्याआधीच्या काही दशकांतील असंख्य जीप, टेम्पो, बस, ट्रॅक्टर, जनरेटर आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौका आजही यांत्रिक इंधन पंपावर चालतात. या पंपात एकही विजेचा मेंदू नाही. स्प्रिंग, वजने, कॅम आणि पडदा यांच्या साह्याने तो निर्णय घेतो. त्यामुळेच तो गावोगावच्या कारागिराला दुरुस्त करता येतो आणि त्यामुळेच तो सहज बिघडवताही येतो.

ठिणगीविना चालणारे इंजिन

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. केवळ हवा आत घेतली जाते, ती मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि त्या दाबानेच तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे जाते. अशा तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा मारताच तो आपोआप पेट घेतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे तत्त्व यशस्वीपणे चालवून दाखवले. मात्र त्यांच्या इंजिनात इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेची अवजड यंत्रणा लागत असे. त्यामुळे ते इंजिन कारखान्यात शोभणारे होते, वाहनात बसणारे नव्हते. ही अडचण दूर झाली ती रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यानंतर. आज आपण ज्याला ‘डिझेल पंप’ म्हणतो त्याचा वंश तेथून सुरू होतो. भारतात बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच सर्वांच्या ओळखीची ‘मायको’, स्थापन झाली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी गॅरेजमध्ये आजही ‘मायकोचा पंप’ हाच शब्द ऐकू येतो. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारे नोझल आणि इंजेक्टर देशभरातील इंजिनांत पोहोचले आहेत.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पेट्रोल गाडीचा ॲक्सिलरेटर हवेचे दार उघडतो. जुन्या डिझेल गाडीत हवेला दार नसते. इंजिन नेहमी शक्य तेवढी हवा घेते आणि ॲक्सिलरेटर केवळ डिझेलचे प्रमाण ठरवतो. म्हणून डिझेलमध्ये ‘ताकद वाढवणे’ वरकरणी फार सोपे भासते. डिझेल वाढवा, ताकद वाढेल! एका मर्यादेपर्यंत हे खरेही आहे. प्रश्न ती मर्यादा कोठे संपते हा आहे.

पावसाच्या एका थेंबाचा हिशेब

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हे झाले कागदावरचे गणित. सिलिंडरमध्ये फवारा आणि हवा मिसळण्यासाठी सेकंदाचा काही हजारावा भाग एवढाच वेळ मिळतो. त्यामुळे प्रत्येक थेंबाला हवा मिळावी यासाठी प्रत्यक्षात किलोमागे अठरा ते वीस किलो हवा असावी लागते. त्याखाली गेले की अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो.

समजा, दोन लिटर क्षमतेचे चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत आहे आणि टर्बो ०.७ बार दाब देत आहे. हवा इंटरकूलरमधून गार होऊन येत असेल, तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी साधारण पाऊण ग्रॅम हवा मावते. वीसास एक या प्रमाणाने तिच्यासाठी सुमारे ४५ घन मिलिमीटर डिझेल योग्य ठरते, म्हणजे पावसाच्या एका टपोऱ्या थेंबाएवढे. प्रत्येक सिलिंडरला असा थेंब सेकंदाला पंचवीस वेळा, प्रत्येक वेळी सारख्याच मापाने आणि नेमक्या क्षणी मिळायला हवा. यात अवघ्या पाच घन मिलिमीटरची भर पडली, तरी हवेचे प्रमाण अठराच्या आसपास घसरते आणि धुराची सुरुवात होते. पंपाच्या स्क्रूचा पाव फेरा किती महाग पडू शकतो, याचा अंदाज यावरून यावा.

पंपाच्या पोटात काय असते?

यांत्रिक पंपाचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे रूढ आहेत. पहिला ‘इनलाइन’ पंप. ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि मोठ्या जनरेटरवर तो दिसतो. यात जितके सिलिंडर तितके प्लंजर एका रांगेत बसवलेले असतात. खालून कॅम त्यांना वर ढकलतो. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच असते. प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडी पडते आणि त्यानुसार डिझेल कमी-अधिक जाते. सर्व प्लंजर एकाच वेळी फिरवणारी दांडी म्हणजे ‘रॅक’. या रॅकवर गव्हर्नरचा ताबा असतो. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरची फिरती वजने बाहेर फेकली जातात आणि रॅक मागे खेचतात. डिझेल इंजिन वेगाने उधळत नाही, ते या वजनांच्या पहाऱ्यामुळे.

दुसरा प्रकार ‘रोटरी’ पंप. जीप, हलके टेम्पो आणि जुन्या डिझेल मोटारी यांवर प्रामुख्याने तो असतो. बॉशचा ‘व्हीई’ हा त्यातील सर्वाधिक परिचित नमुना १९७५ मध्ये आला. यात एकच प्लंजर असतो. तो फिरतोही आणि पुढे-मागेही होतो. फिरताना तो आळीपाळीने प्रत्येक सिलिंडरच्या नळीला डिझेल वाटतो. त्याच्यावरची एक सरकती कडी किती डिझेल जाईल ते ठरवते.

दोन्ही प्रकारांत प्लंजर आणि त्याची नळी यांतील फट दोन ते तीन मायक्रॉन एवढीच असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची सूक्ष्मता कळते. म्हणूनच एका पंपाचा प्लंजर दुसऱ्या पंपाच्या नळीत बसवत नाहीत. ती जोडी जन्मापासून एकत्र घासून तयार केलेली असते. डिझेलमधील धुळीचा बारीक कणही तिला ओरखडा पाडतो.

टर्बो : फुकटची हवा, पण अटींसह

इंजिनात अधिक डिझेल जाळायचे तर अधिक हवा हवी. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्यासाठीच्या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबायची. हाच टर्बोचार्जर. लहान इंजिनांतील टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे रिकामे चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो तो याचसाठी. इंजिन बंद होताच तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या दांड्यापाशी उरलेले तेल जळून कोळसा होते.

हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ असते. बाहेर ३० अंश तापमान असताना टर्बोने हवेवर एक बार दाब चढवला, तर ती साधारण १३० अंशांपर्यंत तापते. तीच हवा इंटरकूलरने ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबात सुमारे वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. डिझेल न वाढवता धूर कमी करण्याचा हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. इंटरकूलरची चिखलाने भरलेली जाळी स्वच्छ धुणे हेदेखील ‘ट्यूनिंग’च आहे, हे अनेकांच्या गावी नसते.

टर्बोला आणखी एक स्वभावदोष आहे. पाय दाबताक्षणी तो हवा देत नाही. धुराचा झोत वाढून चक्राला वेग येईपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. या काळात पंपाने पूर्ण डिझेल सोडले तर काळा ढग बाहेर पडणारच. त्यासाठी टर्बो इंजिनाच्या पंपावर एक डबी बसवलेली असते. तिच्या आत रबरी पडदा, स्प्रिंग आणि एक निमुळती पिन असते. टर्बोचा दाब नळीवाटे पडद्यावर आला की पिन खाली सरकते आणि तेवढेच वाढीव डिझेल सुटते. हवा नाही तर डिझेल नाही, असा हा साधा न्याय. हा पडदा फाटला किंवा नळी निसटली, तर गाडी धूर सोडत नाही, पण चढावर दमून जाते. अशा वेळी पंपाचे डिझेल वाढवणे म्हणजे ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर फोडणे होय.

आधी दुरुस्ती, मग ट्यूनिंग

जाणते पंप कारागीर गाडी आली की लगेच पाना हातात घेत नाहीत. ताकद कमी होण्याची बहुतेक कारणे पंपाच्या बाहेर असतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. तपासणीचा क्रम साधारण असा असावा. प्रथम एअर फिल्टर. नंतर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज आणि त्यांचे क्लिप. भेगाळलेल्या होजमधून दाब निसटला तर डिझेल तेवढेच जाते, हवा मात्र कमी पडते. त्यानंतर डिझेल फिल्टर, त्यातील पाणी, टाकीपासूनची नळी आणि फीड पंप. इंधनात हवा शिरत असेल तर इंजिन अडखळते आणि सकाळी सुरू होण्यास वेळ घेते. पुढे टॅपेटची फट आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत आणि पंपाशी कितीही झटापट केली तरी ते भरून येणार नाही.

यानंतर पाळी नोझलची. नोझल ठरावीक दाबालाच उघडावे, फवारा धुक्यासारखा आणि सर्व बाजूंना सारखा पडावा, मिटताना टोकाशी थेंब राहू नये, या तीन कसोट्या हाताने चालवायच्या छोट्या परीक्षण यंत्रावर काही मिनिटांत पाहता येतात. थेंब गाळणारे नोझल सर्वांत धोकादायक. त्याचा थेंब पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी जळत राहतो आणि कालांतराने ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडते. नव्या नोझलच्या खर्चाशी पूर्ण इंजिन खोलण्याच्या खर्चाची तुलना करण्याची गरज नाही.

ही तपासणी करताना एक इशारा महत्त्वाचा आहे. नोझलमधून कित्येकशे बार दाबाने बाहेर पडणारा डिझेलचा झोत त्वचा भेदून आत शिरतो. वरून केवळ टाचणी टोचल्यासारखे दिसते, परंतु आतील पेशी मरू लागतात आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनाच्या नळीवरून कधीही हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. झोत अंगात शिरल्याची शंका जरी आली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि ‘डिझेलचा दाब लागला’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कोणता स्क्रू काय करतो?

वरील सर्व गोष्टी ठीक असतील तरच पंपाकडे वळायचे. रोटरी पंपावर सामान्यतः चार ठिकाणी बदल करता येतात. पहिला रिकाम्या वेगाचा, म्हणजे आयडलिंगचा स्क्रू. दुसरा कमाल वेगाचा. तो सहसा सीलबंद असतो आणि त्याला हात न लावणेच श्रेयस्कर. इंजिनाचा वेग निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेला, तर व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड यांवर ताण येतो. तिसरा पूर्ण भाराच्या इंधनाचा स्क्रू. ‘पिकअप’साठी फिरवला जातो तो हाच. तो आत गेला की प्रत्येक वेगाला डिझेल वाढते, त्याबरोबर आयडलिंगही चढते आणि ते पुन्हा खाली आणावे लागते. हा स्क्रू फारच आत गेला, तर पाय काढल्यावरही इंजिनाचा वेग खाली येत नाही. चालत्या गाडीत हा प्रसंग किती गंभीर ठरू शकतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

चौथे ठिकाण म्हणजे टर्बोच्या दाबावर चालणारी डबी. तिच्यातील चक्रीने स्प्रिंगचा ताण बदलता येतो, म्हणजे वाढीव डिझेल किती दाबाला सुरू व्हावे हे ठरते. पडदा फिरवून पिनची दिशा बदलली, तर ते एकूण किती वाढावे हे ठरते. टर्बोची हवा आल्यावरच डिझेल वाढते, म्हणून थोडी सुधारणा हवी असल्यास तिसऱ्या स्क्रूपेक्षा ही जागा अधिक सुरक्षित मानली जाते. नियम एकच. एका वेळी एकच बदल, तोही अल्पसा. मूळ स्थितीची खूण करून ठेवायची आणि प्रत्येक बदलानंतर भरलेल्या गाडीने चढावर चाचणी घ्यायची.

इनलाइन पंपाची गोष्ट निराळी. तेथे प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर वेगळा असल्याने सर्वांचे माप सारखे राहिले पाहिजे. ते काम टेस्ट बेंचवरच होते. पंप बेंचवर चढवतात, ठरावीक तापमानाचे परीक्षण तेल, प्रमाणित नोझल आणि सारख्या लांबीच्या नळ्या लावतात, ठरावीक फेऱ्यांत काचेच्या नळ्यांत किती तेल जमले ते मोजतात आणि निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी डिझेल मिळाले, तर इंजिन थरथरते, धूर होतो आणि जास्त डिझेल मिळणारा पिस्टन सर्वांत आधी जातो. गाडीवरच कानाने ऐकून केलेले ‘कॅलिब्रेशन’ हे कॅलिब्रेशन नव्हे.

अंशभराचा खेळ : टायमिंग

डिझेल किती, याइतकेच ते केव्हा, हेही महत्त्वाचे. पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी फवारा सुरू व्हावा लागतो, कारण पेट घेण्यास थोडा अवधी जातो. फवारा फार लवकर सुटला, तर पिस्टन वर येत असतानाच वरून दाबाचा घाव बसतो. इंजिन कर्कश ठोके देते, हेड गॅस्केट आणि बेअरिंग यांवर ताण वाढतो आणि नायट्रोजनचे घातक ऑक्साइडही अधिक तयार होतात. फवारा उशिरा सुटला तर आवाज मऊ होतो, पण डिझेल उशिरापर्यंत जळत राहते. ताकद आणि ॲव्हरेज घटते, धुराचे तापमान वाढते, सकाळी पांढरा धूर येतो. रोटरी पंपाचे टायमिंग डायल गेज लावून, प्लंजर किती मिलिमीटर उचलला गेला ते पाहून बसवायचे असते. हे माप इंजिनानुसार बदलते आणि ते निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते.

उष्णतेची लक्ष्मणरेषा

वाढवलेल्या डिझेलचा खरा न्याय तापमान करते. पेट्रोल इंजिनात इंधन जास्त झाले तर धूर काहीसा गार होतो. डिझेलमध्ये उलट घडते. डिझेल जितके अधिक, तितका धूर तप्त. म्हणून जाणकार मंडळी टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवतात. दीर्घ चढावर हे तापमान साधारण ७०० अंश सेल्सियसच्या वर टिकू देऊ नये, असा ढोबळ संकेत आहे. निर्मात्याने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. काही क्षणांचा अतिरेक इंजिन सोसते. दहा मिनिटांच्या घाटात तोच अतिरेक पिस्टन वितळवतो, हेडला तडे पाडतो आणि टर्बोची पाती खातो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पळवून ‘मस्त झाली’ म्हणणाऱ्याला हे कळत नाही, कारण तेथे पूर्ण डिझेल काही सेकंदच जळते.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. तेथे डॉज कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये १९८९ पासून कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले जाऊ लागले. सुरुवातीस त्यावर बॉशचा व्हीई रोटरी पंप होता आणि ताकद होती १६० अश्वशक्ती. १९९४ ते १९९८ या काळात त्यावर बॉशचा भक्कम इनलाइन पंप आला. हौशी मंडळींनी याच इंजिनातून मूळच्या कितीतरी पट ताकद काढली. कमिन्सच्या याच ‘बी’ मालिकेतील इंजिने भारतातही १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपूरला तयार केली आणि टाटांच्या ट्रकमध्ये बसवली. त्यामुळे अमेरिकेतील किश्शांचे आकर्षण येथील तरुण कारागिरांनाही आहे. परंतु त्या किश्शांत एक गोष्ट सांगायची राहून जाते. तेथे पंपाबरोबर मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, दणकट हेड बोल्ट, क्लच आणि गिअरबॉक्स हेही बदलले जातात. केवळ पंप बदलून उरलेली गाडी तशीच ठेवणे म्हणजे जुन्या वाड्यावर तीन मजले चढवण्यासारखे आहे. शिवाय तेथील काहींनी मुद्दाम काळा धूर सोडण्याचा जो खेळ मांडला, तो तेथील स्वच्छ हवा कायद्याचा भंग असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

इंधन बदलले, पंप तोच

जुन्या पंपांपुढे आणखी एक प्रश्न आहे, तो बदललेल्या डिझेलचा. २०१० मध्ये देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ३ इंधनात गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्षात ३५० भाग होते. २०१७ मध्ये ते ५० वर आणि २०२० मध्ये १० वर आले. शहरांच्या हवेसाठी ही मोठीच उपलब्धी. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो. इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिनाचे तेल मिळते, परंतु रोटरी पंपाचा प्रत्येक फिरता भाग डिझेलवरच वंगण घेतो. तेलशुद्धीकरण कारखाने त्यासाठी वंगण वाढवणारे द्रव्य मिसळतात, त्यामुळे प्रमाणित डिझेल वापरणाऱ्यास काळजीचे कारण नाही. धोका आहे तो भेसळीचा. रॉकेल मिसळलेले स्वस्त डिझेल रोटरी पंपाला कोरडे पाडते आणि दोन मायक्रॉनची ती फट झिजवते. लिटरमागे वाचवलेले रुपये पंपाच्या एकाच दुरुस्तीत निघून जातात. पाणी साठलेल्या फिल्टरचेही तसेच. पावसाळ्यात त्याचा तळाचा नट सैल करून पाणी काढून टाकणे, ही पाच मिनिटांची सवय पंपाचे आयुष्य वाढवते.

धूर कोणाचा, भोगणार कोण?

गाडी आपली असली तरी धूर सार्वजनिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा घटकांच्या गटात केला. सिग्नलवर उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा फेरीवाला आणि शाळेच्या रिक्षातील मूल यांना त्या वाढलेल्या पिकअपचा काहीच लाभ नसतो.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी पीयूसी चाचणीत धुराची घनता ६५ हार्ट्रिज एककांपेक्षा अधिक असता कामा नये. भारत स्टेज ४ वाहनांसाठी ही मर्यादा ५० आहे. ही चाचणी गाडी उभी ठेवून, ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून घेतात. या क्षणी टर्बोला हवा देण्यास पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणजे ज्याने पंपावरील ती डबी नीट ठेवली आहे तो उत्तीर्ण होतो आणि ज्याने तिचा न्याय मोडला आहे तो धुरासह पकडला जातो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या वेळच्या तपासणीतही धूर हा मुद्दा येतोच. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात नोंद नसलेला बदल आडवा आला, तर मालकास तोंड द्यावे लागते ते वेगळेच.

मालकाने काय विचारावे?

पंप कारागिराकडे गाडी देताना मालकाने काही साधे प्रश्न विचारावेत. नोझल तपासले का? कॉम्प्रेशन पाहिले का? पंप बेंचवर चढवला का आणि चढवला असल्यास आधीची व नंतरची मापे लिहून मिळतील का? टायमिंग डायल गेजने बसवले का? काम झाल्यावर पंपाला पुन्हा सील केले का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर गाडी योग्य हातात आहे असे समजावे. ‘साहेब, तुम्ही काळजी करू नका, कानाने ऐकून करतो’ असे उत्तर मिळाले, तर मात्र काळजी करावी.

धुराचा रंगही मालकाला बरेच सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. त्यात रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील दोषी असू शकते. थंडीत सुरुवातीला येणारा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर चिंता नाही. तो थांबत नसेल तर टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासावे, आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे पाहावे.

नीट राखलेले यांत्रिक पंपाचे इंजिन लाखो किलोमीटर चालते, याची उदाहरणे राज्यातील प्रत्येक ट्रक तळावर सापडतील. त्यांच्यापैकी बहुतेकांचे गुपित वाढवलेल्या अश्वशक्तीत नसून स्वच्छ फिल्टर, सारखे फवारणारे नोझल आणि निर्मात्याने जेथे सोडला तेथेच असलेला एक स्क्रू यांत आहे. जुन्या इंजिनाला त्याची हरवलेली मूळ ताकद परत मिळवून देणे हेच त्याचे खरे ट्यूनिंग. त्यापुढची प्रत्येक अश्वशक्ती उसनी असते, आणि तिची वसुली कधी ना कधी होतेच.